स्टेशन ते हॉटेल : दिल्लीतले पहिले दोन तास

व्यापारासाठी परगावी जाणारा आपला माणूस गाडीभाड्याचा हिशोब पैशापर्यंत करतो. स्लीपरचे तिकीट किती, वाटेतले जेवण किती, हॉटेलचे भाडे किती, सारे वहीत लिहितो. पण स्टेशनाच्या फाटकापासून हॉटेलच्या दारापर्यंतचे जे चार-आठ किलोमीटर असतात, ते त्याच्या वहीत कुठेच नसतात. दीड हजार किलोमीटर सुखरूप आलेला माणूस याच शेवटच्या टप्प्यात लुबाडला जातो. आमचाही अनुभव तोच आहे. म्हणून या वेळी बाजारभाव आणि सुताचे दर बाजूला ठेवून याच विषयावर लिहायचे ठरवले. शहर घेतले आहे दिल्ली, कारण मालेगाव, भिवंडी, सोलापूर, मिरज अशा कितीतरी गावांतून आपले बांधव माल घेऊन किंवा माल आणायला तिथे जात असतात, आणि त्यात पहिल्यांदा जाणारे दरवर्षी नवे असतात.

आमची चारशे रुपयांची शिकवणी

गोष्ट १९९३ च्या नोव्हेंबरातली. सोलापुरी चादरींचे नमुने घेऊन आम्ही पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने नवी दिल्लीला उतरलो. सदर बाजारातल्या एका ठोक व्यापाऱ्याने दुपारी बाराच्या आत बोलावले होते. दिवस जुम्याचा होता, बारानंतर तो भेटणार नव्हता. मुक्काम जामा मस्जिदजवळच्या एका साध्या हॉटेलात करायचा होता. नाव कागदावर लिहून घेतले होते, फोन नंबर मात्र घेतला नव्हता.

बाहेर येताच एका रिक्षावाल्याने सलाम केला. कुठे जायचे ते विचारले आणि लगेच म्हणाला, "हाजी साहब, उधर तो सुबह से कर्फ्यू लगा है." ते दिवस कसे होते हे वाचकांना सांगायला नको. मुंबईची दंगल होऊन वर्षही झाले नव्हते. कर्फ्यू म्हटले की माणूस पुढचा प्रश्न विचारत नसे. तरी आम्ही म्हणालो, हॉटेलात फोन करून पाहू. तो म्हणाला, "जरूर कीजिए." त्याने आम्हाला एका कचेरीत नेले. तिथल्या माणसाने आमच्याकडून हॉटेलचे नाव घेतले, स्वतःच नंबर फिरवला आणि फोन आमच्या हातात दिला. पलीकडून आवाज आला की हॉटेल बंद आहे, येऊ नका. तो आवाज त्याच कचेरीच्या दुसऱ्या खोलीतला असावा, हे आमच्या लक्षात आले तेव्हा फार उशीर झाला होता.

त्यांनी आम्हाला दुसऱ्याच भागातल्या एका हॉटेलात नेऊन सोडले. भाडे तिप्पट होते. आगाऊ पैसे घेतले, वर रिक्षाचे वेगळे घेतले. दुपारी दोन वाजता खाली चहा प्यायला उतरलो, तेव्हा चहावाला हसला. म्हणाला, "कैसा कर्फ्यू? मैं तो सुबह वहीं से आया हूँ." सदर बाजारात पोहोचलो तेव्हा व्यापारी निघून गेला होता. दोनशे चादरींची मागणी दुसऱ्या कुणाला गेली. हॉटेल आणि रिक्षात चारशे रुपये जास्त गेले, ते भरून निघाले. ती मागणी मात्र परत आली नाही.

त्या माणसाने आमचा खिसा कापला नाही. आमच्या मनात जी भीती आधीच होती, तिचा त्याने भाव वसूल केला. ज्या गोष्टीला आपण सर्वांत जास्त भितो, त्याच गोष्टीचे नाव घेऊन आपल्याला फिरवले जाते, हे व्यापाऱ्याने पक्के लक्षात ठेवावे.

आधी स्टेशन कोणते ते पाहा

दिल्ली हे एक स्टेशन नाही. महाराष्ट्रातून जाणाऱ्या बहुतेक गाड्या दोन ठिकाणी लागतात. मिरज, पुणे, मनमाडवरून जाणारी गोवा एक्स्प्रेस हजरत निजामुद्दीन येथे संपते. मंगला एक्स्प्रेस आणि ऑगस्ट क्रांती राजधानीही तिथेच. झेलम, पंजाब मेल, नांदेडहून मनमाडमार्गे अमृतसरला जाणारी सचखंड आणि मुंबई सेंट्रलची राजधानी या नवी दिल्ली स्टेशनावर थांबतात. तिसरे स्टेशन म्हणजे जुनी दिल्ली, रेल्वेच्या भाषेत दिल्ली जंक्शन. मुरादाबाद, सहारनपूरकडून खरेदी करून परतणाऱ्यांचा त्याच्याशी संबंध येतो.

तिकिटावर स्टेशनाचे नाव नीट वाचावे आणि हॉटेल त्या मानाने ठरवावे. आपले बरेच लोक जामा मस्जिदचा परिसर पसंत करतात. कारण सरळ आहे. खाण्याची चिंता नाही, नमाजची सोय दारात आणि बाजार पायाखाली. चावडी बाजार तांब्या-पितळेचा आणि कागदाचा, किनारी बाजार जरी-गोट्याचा, बल्लीमारान चपला-बुटांचा आणि चष्म्यांचा, खारी बावली मसाल्याची, नई सडक पुस्तकांची आणि साड्यांची. हे सारे चालत जाण्याच्या अंतरात आहे. निजामुद्दीन दर्ग्याची वस्ती हा दुसरा पर्याय. ती निजामुद्दीन स्टेशनापासून जवळ आहे, पण बाजारापासून लांब. पहाडगंज आणि आराकशां रोड नवी दिल्ली स्टेशनासमोरच आहेत. तिथे हॉटेले भरपूर, आणि दलालही तितकेच.

मुसाफिराच्या मुक्कामाची काळजी या शहराने पूर्वीपासून केली आहे. शाहजहानची कन्या जहाँआरा बेगम हिने चांदनी चौकात मोठी सराय बांधली होती. १८५७ नंतर ती पाडली गेली आणि त्या जागी टाऊन हॉल उभा राहिला. निजामुद्दीन स्टेशनाच्या मागच्या बाजूला सराय काले खान आहे, त्या नावातही सरायच आहे. आपल्याकडे मुंबईत साबू सिद्दीक मुसाफिरखान्याने हजयात्रेकरूंची हीच गरज भागवली. व्यापाऱ्यासाठी आता असे दार उघडे नसते. म्हणून मुक्काम घरूनच पक्का करावा लागतो.

घरातून निघण्यापूर्वी

हॉटेलला स्वतः फोन करावा आणि चार गोष्टी विचाराव्यात. पहिली, खोली किती वाजता मिळेल. बऱ्याच ठिकाणी दुपारी बाराला खोली देतात आणि बारालाच खाली करून घेतात. आपली गाडी सकाळी सहाला पोहोचणार असेल तर मधले सहा तास सामान कुठे ठेवायचे? काही हॉटेले चोवीस तासांचा हिशोब धरतात. ती मिळाली तर उत्तम. दुसरी, गाडी दारापर्यंत येते की गल्लीच्या तोंडाशी थांबते. तिसरी, जवळची खूण कोणती. "जामा मस्जिदजवळ" एवढे पुरेसे नाही. मस्जिदीच्या गेट नंबर एकसमोर मटिया महलची गल्ली आहे आणि गेट नंबर तीन अगदी दुसऱ्या अंगाला आहे. सामान डोक्यावर असताना हा फेरा जड जातो. चौथी, भाड्यात कर धरला आहे की वेगळा.

ही उत्तरे वहीत लिहावीत. हॉटेलचा नंबर मोबाईलमध्ये ठेवावाच, पण कागदावरही लिहावा. दोन रात्रींच्या प्रवासात मोबाईलची बॅटरी संपते, आणि अनोळखी माणूस "लाओ, मैं फोन लगा देता हूँ" म्हणतो ती वेळ नेमकी हीच असते. फोन आपला, नंबर आपल्या वहीतला आणि बोलणारे आपण, हा नियम मोडू नये. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी आमच्याजवळ एक नंबर लिहिलेला असता तर ती मागणी हातची गेली नसती.

पैशाचे दोन भाग करावेत. पन्नास-शंभराच्या थोड्या नोटा वरच्या खिशात, बाकी आत. स्टेशनाच्या आवारात मोठे पाकीट उघडण्याची पाळी येऊ देऊ नये.

फाटकाबाहेर

गाडी थांबली की धावू नये. १५ फेब्रुवारी २०२५ रोजी नवी दिल्ली स्टेशनावर चेंगराचेंगरी होऊन १८ माणसे गेली. पुलावर आणि जिन्यावर गर्दी असेल तर दहा मिनिटे फलाटावरच बसावे. हमाल करायचा असेल तर लाल सदरा आणि दंडावर पितळी बिल्ला असलेलाच करावा आणि ओझे उचलण्याआधी पैसे ठरवावेत. हमालीचे दर रेल्वे ठरवून देते.

नवी दिल्ली स्टेशनाला दोन तोंडे आहेत. पहिल्या फलाटाकडून पहाडगंज, सोळाव्या फलाटाकडून अजमेरी गेट. जामा मस्जिद, सदर बाजार, पहाडगंज यांपैकी कुठे जायचे त्यावर बाहेर पडण्याची बाजू ठरवावी. जामा मस्जिदला जाणाऱ्याने अजमेरी गेटकडूनच पडावे. चुकीच्या बाजूने बाहेर पडलेला माणूस दलालाला लांबूनच ओळखू येतो.

बाहेर येताच जे स्वतःहून जवळ येतात, त्यांना सलामाचे उत्तर द्यावे आणि पुढे चालावे. त्यांची वाक्ये ठरलेली असतात. हॉटेल बंद झाले, हॉटेलला आग लागली, रस्ता बंद आहे, बंदोबस्त आहे, तुमचे बुकिंग आधी कचेरीत पक्के करावे लागते. हे सारे खरे असण्याची शक्यता फार थोडी, आणि खरे असेल तर हॉटेलवाला फोनवर सांगेलच.

वाहनासाठी पहिला रस्ता म्हणजे वाहतूक पोलिसांची प्रीपेड खिडकी. पैसे खिडकीवर भरायचे, पावती घ्यायची, पावतीवरच्या नंबराचीच गाडी घ्यायची. पावतीचा जो भाग चालकाला द्यायचा असतो तो मुक्कामाच्या दारात उतरल्यावरच द्यावा, आधी नाही. त्या पावतीवरच चालकाला त्याचे पैसे मिळतात. तो आपल्या हातात आहे तोवर गाडी आपण सांगू तिथे जाते.

खिडकीवर मोठी रांग असेल तर मीटरची रिक्षा. जानेवारी २०२३ मध्ये दिल्लीत ठरलेल्या दराप्रमाणे पहिल्या दीड किलोमीटरला ३० रुपये आणि पुढे दर किलोमीटरला ११ रुपये. निजामुद्दीन ते जामा मस्जिद नऊ किलोमीटर धरले तर ३० अधिक साडेसात गुणिले ११, म्हणजे सुमारे ११२ रुपये. सामान आणि रात्र यांचे वेगळे. पुढे दर बदलतील, हिशोबाची रीत हीच राहील. हा आकडा मनात असला की "साडेतीनशे लगेंगे" ऐकून माणूस गोंधळत नाही. मोबाईलवरून टॅक्सी बोलावणाऱ्यांनी गाडीच्या पाटीवरचा नंबर आधी जुळवावा, मगच आत बसून चालकाला आकडा सांगावा.

सामान हलके असेल तर मेट्रोसारखे दुसरे स्वस्त साधन नाही. नवी दिल्ली स्टेशनाच्या अजमेरी गेट बाजूला पिवळ्या मार्गाची मेट्रो आहे. पुढचे स्टेशन चावडी बाजार, त्यापुढचे चांदनी चौक. जुन्या दिल्ली स्टेशनाला चांदनी चौक मेट्रो लागूनच आहे. निजामुद्दीनला उतरणाऱ्याने सराय काले खानच्या बाजूने गुलाबी मार्ग घ्यावा, लाजपत नगरला उतरून जांभळ्या मार्गाने थेट जामा मस्जिद स्टेशन गाठावे. हे स्टेशन मे २०१७ मध्ये सुरू झाले आणि आपल्या लोकांची मोठी सोय झाली.

मात्र कारागीर बांधवांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मेट्रोत प्रत्येक बॅग यंत्रातून तपासली जाते. पटाशी, छिन्नी, कात्री, पाते असे काही असेल तर अडवतात. हत्यारांची पिशवी सोबत असलेल्याने सरळ रिक्षा करावी. आणि चांदनी चौकच्या मुख्य रस्त्यावर, लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मस्जिदीपर्यंत, २०२१ पासून सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारवाहनांना बंदी आहे. त्या वेळेत तिथे सायकलरिक्षाच चालते. चालकाने "आगे गाड़ी नहीं जाएगी" म्हटले तर ते इथे खोटे नसते. कुठली गोष्ट खरी आणि कुठली बनावट, हे ओळखण्यासाठीच आधी माहिती हवी.

भाच्याचे दोन तंबोरे

२०२४ च्या नोव्हेंबरात आम्ही पुन्हा गेलो. सोबत मिरजेचा भाचा होता. मिरजेची सतार आणि तंबोरा यांना त्याच वर्षी भौगोलिक मानांकन मिळाले. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगारांनी सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी हे काम हाती घेतले, ते आजही चालू आहे. भाचा त्याच धंद्यातला. दिल्लीच्या एका वाद्यविक्रेत्याने नमुना म्हणून दोन तंबोरे मागवले होते. आवडले तर पुढची मागणी देणार होता. पंढरपूर भागातला भोपळा, त्यावर कित्येक आठवड्यांचे काम. एक धक्का लागला तर सारे फुकट. कुरियरने पाठवायची भाच्याला हिंमत झाली नाही.

गोवा एक्स्प्रेसने सकाळी निजामुद्दीनला उतरलो. हमालाला हात लावू न देता भाच्याने एक तंबोरा स्वतः घेतला, दुसरा आम्ही. फाटकाबाहेर एक तरणा, नीटनेटका मुलगा पुढे आला. "जामा मस्जिद? चाचा, उधर आज सब बंद है. पुलिस ने रास्ता रोक रखा है. मैं दूसरा होटल दिखा देता हूँ."

भाच्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "मामू, परत जायचं का?" आम्हाला क्षणभर १९९३ साल आठवले. वाक्य तेच होते, फक्त कर्फ्यूच्या जागी पोलीस आले होते. आम्ही वही काढली, हॉटेलला फोन लावला. मालक म्हणाला, "कौन बोला बंद है? मैं बाहर कुर्सी डालकर बैठा हूँ. गेट नंबर एक पर आ जाओ, लड़का भेजता हूँ." मागे वळून पाहिले तर तो मुलगा निघून गेला होता.

प्रीपेड टॅक्सी घेतली. एक तंबोरा मागच्या बाकावर आडवा, दुसरा भाच्याच्या मांडीवर. सायकलरिक्षात किंवा ई-रिक्षात जुन्या दिल्लीच्या खड्ड्यांतून हे वाद्य नेले असते तर भोपळा तडकलाच असता. त्या चार पैशांची बचत अशा वेळी करू नये. साडेसातच्या आत पोहोचलो. खोली बाराला मिळणार होती, पण आधी बोलणे झालेले असल्यामुळे मालकाने तंबोरे आपल्या कुलुपाच्या खोलीत ठेवले. अंघोळ केली, नाश्ता केला, अकराला दुकानात हजर झालो. एक खुंटी ढिली झाली होती, ती भाच्याने तिथेच बसवली. दुकानदाराने तारा छेडून पाहिल्या आणि आणखी चार तंबोऱ्यांची मागणी दिली. चारच, पण बयाणा रोख दिला.

हॉटेलच्या काउंटरवर

ओळखपत्र द्यावेच लागते. आधारची झेरॉक्स देताना आकडे झाकलेली प्रत काढून ठेवावी आणि तिच्यावर तारीख व हॉटेलचे नाव लिहावे. आगाऊ दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी.

कराबाबत आपल्या लोकांचा एक गैरसमज आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर पाच टक्के जीएसटी आहे. महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला दिल्लीच्या हॉटेलात भरलेल्या या कराची वजावट मिळत नाही, कारण तो दिल्लीतला कर म्हणून लागतो. म्हणून तो प्रवासखर्चातच धरावा. बिल मात्र पेढीच्या नावाने घ्यावे. वर्षअखेरीस खर्च दाखवायला तेच कामाला येते.

खोली मिळायला वेळ असेल आणि हॉटेल सामान ठेवून घेत नसेल, तर स्टेशनातल्या क्लोकरूमचा उपयोग करावा. तिथे तिकीट दाखवावे लागते आणि कुलूप नसलेले सामान घेत नाहीत. म्हणून गाठोड्याऐवजी कुलुपाची पेटी बरी.

कुठे अडचण आलीच तर दोन नंबर पाठ असावेत. रेल्वेच्या हद्दीत १३९ आणि बाहेर ११२. चालक भलतीकडे नेतो आहे असे वाटले तर मोबाईल कानाला लावून गाडीचा नंबर मोठ्याने सांगावा. आमचा अनुभव असा की गाडी बहुधा लगेच मूळ रस्त्यावर येते.

वहीत एक नवे पान

परत आल्यावर भाच्याने आपल्या हिशोबाच्या वहीत एक नवे पान सुरू केले आहे. त्यावर हॉटेलचे नाव, नंबर, गेट, टॅक्सीचे भाडे, खोली मिळण्याची वेळ असे सारे लिहिले आहे. मोहल्ल्यातला कुणी दिल्लीला निघाला की त्या पानाची झेरॉक्स घेऊन जातो. आमची विनंती एवढीच आहे की प्रत्येक गावच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांनी असे एकेक पान तयार करावे. सुरतेला जाणाऱ्याने सुरतेचे, कलकत्त्याला जाणाऱ्याने हावड्याचे, कानपूरला जाणाऱ्याने कानपूरचे. आपण बाजारातला भाव एकमेकांपासून लपवतो, ते एक वेळ समजू शकते. पण रस्ता लपवण्यात कुणाचाच फायदा नाही.

भाचा पुढच्या महिन्यात चार तंबोरे घेऊन पुन्हा निघाला तो एकटाच. निजामुद्दीनला उतरल्यावर त्याने फोन केला. म्हणाला, "मामू, या वेळी म्हणे हॉटेलला आग लागली आहे." आणि हसत हसत प्रीपेडच्या रांगेत उभा राहिला.